निकानोरचा कान

आमच्या किनाऱ्यावर निकानोर बुएल्नाला कुणी नावाने हाक मारत नाही. त्याला म्हणतात 'कान'. "कान जेवला का?" "कान आज समुद्रावर जाणार का?" तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अंपारोचा नवरा, त्यामुळे माझ्या वाट्याला हा कान जरा जास्तच आला. मी तीस वर्षं त्याला जवळून बघितलंय आणि स्पष्टच सांगते, कानाच्या मागचा माणूस दीडदमडीचा आहे.

कुर्विना मासा आमच्याकडे वर्षातून थोडेच दिवस येतो. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस असतात तेव्हा, उधाणाच्या ओहोटीला, अंडी घालायला. पाणी इतकं गढूळ की हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. म्हणून हा मासा बघायचा नसतो, ऐकायचा असतो. नर खाली एकत्र जमतात आणि पोटातला फुगा बडवत बसतात. सगळ्या होड्या इंजिन बंद करतात, एक माणूस आपल्या होडीच्या तळाला कान लावतो आणि बाकीचे श्वास रोखून त्याच्याकडे बघतात. त्याने वल्हं उभं धरलं की चाळीस होड्या जाळी सोडतात. हात आडवा फिरवला की चाळीस होड्या घरी. वल्हं उभं करायचा मान एकाचाच.

आधी तो मान माझ्या वडिलांचा, तिबुर्सियोंचा होता. ते तळाला कान लावत नसत. लाकडी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचे आणि दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचे. मला म्हणायचे, "पोरी, आवाजाला चालायला काहीतरी लागतं. पाणी चालतं, लाकूड चालतं, हाडसुद्धा चालतं. पाण्यात तर तो हवेपेक्षा चौपट वेगाने पळतो. पण पाण्यातून हवेत यायची वेळ आली की दारातच अडतो, बहुतेक सगळा माघारी जातो. म्हणून मध्ये हवा येऊ द्यायची नाही."

शिकवलं त्यांनी आम्हा दोघांनाही, मला आणि जावयाला. मान जावयाला मिळाला, आणि मला मासे साफ करायची सुरी.

निकानोरला वल्हं कमीपणाचं वाटलं. टोपी तोंडावर घेऊन होडीत आडवं पडणं जास्त शोभतं ना! होडीचा तळ पातळ होता. पाण्यातला आवाज तळात, तळातला डोक्याच्या हाडात, असा सरळ रस्ता होता. काम तळ करायचा आणि कौतुक कानाचं व्हायचं. मग काय विचारता! घरात मिरची भाजायची नाही, धुराने कान बिघडतो. रोज झोपताना अंपारोने कोमट तेल घालायचं. आमच्या घरातल्या बारशालासुद्धा हा कानात कापूस घालून आला आणि पोरगं रडलं तर आईला ओरडला. लोकही असे की त्याच्यासमोर खोकायचे नाहीत. मूर्खांनी डोक्यावर घेतलं की माणूस खाली उतरायचं नाव घेत नाही.

यंदा मच्छीमारांच्या सोसायटीने कानाला नवी होडी दिली. होडी त्याने स्वतः निवडली, सगळ्यांत मोठी, कधीच बुडणार नाही अशी. तळ दुहेरी, आणि मध्ये ठासून फेसाळ फोम भरलेला.

मी किनाऱ्यावरच म्हटलं, "दाजी, फोम म्हणजे नुसते हवेचे बुडबुडे. आवाज त्यात मरेल की हो."

"ऐका!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं हसला. "आमची मेव्हणी आता मला ऐकायला शिकवणार. बाई, तू आतडी काढ."

सगळे हसले. मी आतडी काढली.

पहिली दोन उधाणं वाऱ्याने खाल्ली. गुड फ्रायडेच्या आधीचं तिसरं उधाण शेवटचं. ते हुकलं की मासा पुढच्या वर्षी, आणि तोपर्यंत चाळीस घरांनी नुसता घेवडा आणि रोटी खायची. त्या दुपारी कानाच्या होडीवरचा गडी तापाने पडला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून त्याने नाइलाजाने मला घेतलं. मी जाताना वडिलांचं वल्हं उचललं.

इंजिनं बंद झाली. निकानोर टोपी घेऊन आडवा झाला. बराच वेळ गेला. मग उठून बसला आणि म्हणाला, "रिकामं आहे. मासा आलाच नाही." त्याने हात आडवा फिरवला.

तोपर्यंत मी वल्हं पाण्यात सोडून दांडा कानामागे टेकवला होता. शंभर बायका एकाच वेळी ओली धुणी आपटतायत असा धबधब आवाज माझ्या कवटीत घुमत होता.

"दाजी, खाली मासाच मासा आहे."

"गप बस."

"अहो, एकदा लावून बघा!"

त्याने वल्हं हिसकावलं आणि कानामागे दाबलं. त्याचा चेहरा मी बघत होते. आधी भुवया वर गेल्या, मग तोंडावरचा रंग उतरला. त्याने ऐकलं. स्वच्छ ऐकलं. मग मान वळवून होड्यांकडे पाहिलं. इंजिनं सुरू होत होती, काही होड्या वळल्याही होत्या.

"प्रवाहाचा आवाज आहे," तो म्हणाला आणि वल्हं खाली टाकलं. "चल घरी."

"तुम्ही ऐकलंत, दाजी."

"प्रवाह आहे म्हटलं ना!"

"चाळीस घरं आहेत!"

"आणि मला तोंड एकच आहे, दुलिया. ते उद्या कुणाला दाखवू?"

इतकी किळस मला माशाच्या घाणीचीसुद्धा कधी आली नाही. मी वल्हं उचललं, उभी राहिले आणि ते सरळ उभं धरलं.

तो माझा परकर ओढत होता, "बस खाली, बस!" म्हणत होता. मी पाय रोवले. लांबून माणूस दिसत नाही, वल्हं दिसतं. एक होडी थांबली, मग दुसरी. मग जाळी पडू लागली. थोड्याच वेळात ती वर आली तेव्हा दोन-दोन माणसांना ओढवत नव्हती.

निकानोरने परकर सोडला. टोपी नीट केली, केस सारखे केले. आवाजात मध घालून म्हणाला, "दे गं ते वल्हं इकडे. होड्या जवळ येतायत. शहाणी ना तू? अंपारोकडे बघून तरी दे."

मी दिलं नाही. हात भरून आले होते, तरी वल्हं उभंच ठेवलं.

पहिली होडी मेल्कियादेसची आली. तो गुडघाभर माशात उभा होता, आणि कानाचा जयजयकार करायला त्याने तोंड उघडलेलंच होतं. त्याने वल्हं बघितलं. माझे हात बघितले. निकानोरचा पुढे केलेला रिकामा हात बघितला. तोंड मिटलं. त्याच्या मागे आणखी तीन होड्या येऊन थांबल्या.

मग मेल्कियादेसने डोक्यावरची टोपी काढली आणि मला विचारलं, "दुलियाताई, अजून आहेत का गं खाली?"

मी पातं पाण्यात सोडलं, दांडा कानामागे लावला आणि म्हटलं, "आधी ते इंजिन बंद कर."