गाण्यामागची घरघर

तारापूरला देशासाठी वीज तयार होते आणि तिथून जवळच, बोईसरला राहून मी तिला नावं ठेवत होतो. आमच्या घरी येणारी वीज स्वच्छ नाही, असं माझं ठाम मत झालं होतं. निमित्त सासूबाईंच्या गाण्याचं.

सासूबाई जवळच्याच दांडी गावच्या, मच्छीमार घरातल्या. हळदीला त्या गायला बसल्या की पार चिंचणीहून बायका ऐकायला यायच्या. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला तो गेलाच. आता बोलतात तेही कुजबुजल्यासारखं. त्यात मेहुणीचं लग्न महिन्यावर आलेलं. आईच्या गाण्याशिवाय हळद कशी लागणार, म्हणून बायको रडकुंडीला आली होती. नशिबाने तीन वर्षांपूर्वी सासूबाई मागच्या अंगणात बसून गात असताना तिने एक गाणं मोबाईलवर घेतलं होतं. तेवढं एकच. पण त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे एक घरघर होती. ती काढून द्यायचं मी कबूल केलं. घरात संगीतातलं कळतं ते मला, असा समज होता आणि तो मीच पसरवला होता.

गाणं माझ्या डिजिटल प्लेअरवर चढवलं. घरघर आली. मी कंपनीत क्वालिटी विभागात आहे, दोष शोधायचाच पगार घेतो. तिथल्या इलेक्ट्रिकल खात्यातल्या मित्राने लगेच निदान केलं. "प्लेअरबरोबर आलेला अडॅप्टर म्हणजे कचरा. घरची गढूळ वीज त्यातून तशीच पुढे जाते. वीज गाळून देणारा लिनियर पॉवर सप्लाय घे. घरघर जाईल, शिवाय आवाज मोकळा होईल."

"मोबाईलवर ऐकलं तरी घरघर येते की," बायको म्हणाली.

मोबाईलचा स्पीकर मी जमेत धरत नाही, असं मी तिला सांगितलं.

पॉवर सप्लाय आला. विटेपेक्षा जड, हात लावला तर कोमट. मित्राच्या सांगण्यावरून मी त्याच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. दिव्यानेही आवाजात बारीक फरक पडतो म्हणे. मग डोळे मिटून ऐकलं. घरघर होतीच, पण आता जास्त स्पष्ट ऐकू येत होती, आणि ही सुधारणाच आहे असं मी मनाला पटवलं. चौथ्या दिवशी तर आवाजाला अशी काही खोली आली की मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, सप्लाय मुरायला वेळ लागतोच.

पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुमचा तो डबा लावून घ्या. परवा मिक्सरला जागा हवी होती म्हणून काढला. प्लेअरला जुनाच अडॅप्टर लावलाय."

म्हणजे ती खोली जुन्या अडॅप्टरची होती. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, काढला तरी त्याचा परिणाम दोन दिवस राहतो.

हळद चार दिवसांवर आली तेव्हा मी निमूटपणे कॉम्प्युटरवर बसलो. आवाज वेगवेगळे करणारं एक सॉफ्टवेअर उतरवलं आणि तीन आठवडे मी विजेत शोधत होतो ती घरघर दहा मिनिटांत निघून गेली. गाणं कसं लख्ख झालं. मी प्लेअर, स्पीकर आणि अर्थातच तो पॉवर सप्लाय घेऊन बायकोबरोबर दांडीला गेलो.

सासूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. हात धुऊन आत येऊन बसल्या. मी गाणं लावलं. त्यांचा तो भरदार आवाज घरभर झाला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"बोट कुटं गेली?" सासूबाईंनी विचारलं.

मला कळेना. मी घाटावरचा, बोट डोळ्यांनी दिसली तरच मला कळते.

"तवा तुमचे सासरे बोट घेऊन येत होते," त्या म्हणाल्या. "मी गात होती, पन कान तिकडंच होता. मशीन आयकू येत होता ना."

 बायकोच्याही कानाला इतके दिवस ती नुसती घरघरच होती. मशीनच्या आवाजावरून आपली बोट ओळखणं हे काठावर वाट बघत बसलेल्या बाईचं काम. सासरे त्याच्या पुढच्या वर्षी गेले, बोटही विकली गेली. आणि मी मोठ्या हुशारीने त्यांना गाण्यातून पुसून आणलं होतं.

मूळ गाणं बायकोच्या मोबाईलमध्ये होतं. तिने तो आईच्या कानाशी धरला. सासूबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. हळदीला हेच लावायचं, असं बायको म्हणाली. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या.

"जावई, तुमी यातनं बोट काडली ना, तसा माजा गाना काडता येल? हळदीला सगला लावा. मला नुसती बोट द्या."