कमळाकरने पारखलेली जुनी गिटार

आमच्या जांभूळ गावात आता बैल उरले नाहीत, पण बैल पाहणारा डोळा एक उरला आहे. तो कमळाकरचा. त्याचा बाप म्हसाच्या जत्रेत लोकांना बैल पारखून द्यायचा आणि कमळाकर त्याच्या मागे फिरून शिकला. दात कसे बघायचे, शिंगं साळून तरणा केलेला म्हातारा कसा ओळखायचा, तेल चोपडलेल्या चकाकीखाली जुवाने घासलेलं वशिंड कसं चाचपायचं. पुढे शेतात टिलर आले, काही जमिनी गोदामांखाली गेल्या आणि हा डोळा बेकार झाला.

कमळाकर अंबरनाथच्या एका कंपनीत लागला. तिथल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला शिकला. वाजवायचा बेताचंच. पण गिटार हातात आली की आधी एक डोळा मिटून मानेवरून नजर सोडायचा, मान वाकडी तर नाही? पोटावर टिचकी मारून कान लावायचा. तारा बांधलेल्या पट्टीमागे लाकूड फुगलंय का, ते तळहाताने बघायचा. शेवटी भोकात नाक घालून वास घ्यायचा. बदलापूर असो की शहाड, कोणी जुनी गिटार घ्यायला निघाला की कमळाकरला सोबत नेई. त्याने हात फिरवला म्हटल्यावर पुढे कोणी विचारत नसे. कोणाकडे शेत असतं, कोणाकडे घर. कमळाकरकडे हे नाव होतं आणि ते तो इस्त्रीच्या शर्टासारखं जपायचा.

त्याची मुलगी श्रद्धा कॉलेजच्या गाण्याच्या गटात वाजवू लागली, तेव्हा तिला गिटार हवी झाली. तिला नवी चालली असती. कमळाकरला चालणार नव्हती.

"जुनं लाकूड बोलतं. नवं नुसतं ओरडतं," तो म्हणाला आणि बापलेक उल्हासनगरला प्रेमच्या दुकानात गेले.

प्रेम सिंधी दुकानदार, जिभेला साखर, पण खोटं बोलत नसे. त्याला ती गरजच पडत नसे, गिऱ्हाईक स्वतःच बोलून घेई. त्याने भिंतीवरून एक गिटार काढली. मधासारखा रंग, भोकाखाली नखांनी ओरबाडल्यागत चरे, खुंट्या काळवंडलेल्या, मानेमागचं पॉलिश झिजून लाकूड उघडं पडलेलं.

"किती जुनी?" कमळाकरने विचारलं.

"आप बोलो, काका. तुमच्या नजरेपुढे मी काय सांगणार?"

कमळाकर सुखावला. ओलं बोट फिरवून तो शोधत राहिला, म्हातारपण झाकायला वरून ताजं पॉलिश मारलंय का? मारलं नव्हतं. चरे उघडे, झीज उघडी. इतका प्रामाणिक माल त्याने म्हसाच्या बाजारात कधी पाहिला नव्हता.

"चाळिशीच्या वरची आहे," त्याने निकाल दिला.

"क्या नजर है, साईं!" प्रेम म्हणाला.

श्रद्धा म्हणाली, "बाबा, मान सरळ आहे, सूर टिकतोय. मला बास."

"तुला बास असेल. मला वय पाहिजे."

गिटार घरी आली. कमळाकर तिला बाहेरच्या भिंतीला टेकू देईना, ती भिंत पावसात ओल धरते. श्रद्धाचं वाजवून झालं की तारांवरचा घाम सुती फडक्याने पुसायचा, खुंट्या किंचित सैल करायचा, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या गिटारीच्या पेटीत ठेवायचा. "म्हातारा जीव आहे," म्हणायचा. माणसं बघायला येत. शेजारचा राजरत्न तर हात लावण्याआधी चपला काढायचा.

मग एक तार तुटली. बापलेक पुन्हा प्रेमकडे गेले. तो तारा आणायला आतल्या खोलीत शिरला आणि दार उघडंच राहिलं. आत भिंतीवर ओळीने गिटारी लटकत होत्या. मधाचा रंग. भोकाखाली चरे. तेच चरे, त्याच जागी, तेवढेच लांब.

श्रद्धाने ओढणी तोंडाशी धरली. "बाबा, जुळ्या आहेत. सगळ्या एकदमच म्हाताऱ्या झाल्या."

"हे काय आहे?" कमळाकरने विचारलं.

"विंटेज स्टाइल, काका. माल नया, दिखने में पुराना. फॅक्टरीतूनच घासून येतात. जितनी घिसी, उतनी डिमांड." प्रेम मनापासून चकित झाला होता. "मला वाटलं तुम्हाला माहीत असणार."

बापाने कमळाकरला म्हाताऱ्याचा तरणा करणारे हात ओळखायला शिकवलं होतं. तरण्याचा म्हातारा करून कोणी विकेल, आणि लोक तो रांगेत उभे राहून घेतील, हे त्या बापाला कुठून सुचावं?

"परत देऊन टाकू. गावात माझं नाव जाईल," कमळाकर घरी येताना म्हणाला.

"मला गिटार वाजवायची आहे, बाबा. तुमचं नाव नाही."

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली, तेव्हा कमळाकरने मन घट्ट केलं. "ती गिटार जुनी नाय. नवी कोरी हाय. मी फसलो."

मग राजरत्नने मांडीवर थाप मारली. "बघा रं! बैल चांगला निघाला की धनी म्हणतोच, खात नाय, अडखळतो. दृष्ट लागू नये म्हणून! पक्का हायेस, कमळाकर."

"अरे, खरं सांगतोय."

"मग पन्नाशीच्या वरची असणार," मागून कोणीतरी म्हणालं.

तो जितका नाकारत गेला, तितकी गिटार म्हातारी होत गेली. शेवटी राजरत्न हट्टालाच पेटला, मलाही अशीच घेऊन दे. कमळाकर गेला. दुकानात राजरत्नचा हात सरळ मधाळ रंगाकडे वळला. कमळाकरने मात्र आयुष्यात पहिल्यांदा वय विचारलं नाही. मान बघितली, पोट बघितलं, टिचकी मारून ऐकलं आणि एक साधी, गुळगुळीत, कुठेही चरा नसलेली गिटार पुढे केली.

"ही घे. हिचं लाकूड चांगलं आहे. हिला तुझ्या हाताने म्हातारी होऊ दे."

राजरत्नचा चेहरा उतरला. "स्वतःला जुनी, आणि आम्हाला नवी? वा रे शेजारी!"

त्याने चऱ्यांचीच घेतली. प्रेमने त्यालाही सरळ सांगितलं, "भाई, माल नया है."

"हां, हां," राजरत्नने डोळा मिचकावला. "कमळाकर पण असंच म्हणतो."

हल्ली आमच्याकडची माणसं गिटार घ्यायला निघाली की राजरत्नला घेऊन जातात. कमळाकर डोळ्याने अजून ठीक आहे, पण मनाने तेवढा साफ राहिला नाही, असं ती म्हणतात.