चिंचेनं घासलेला हंडा

"पाव्हणं काय म्हनतील?" कमरेला पदर खोचून, हातात फडकं घेऊन खाला रोज सकाळी हेच म्हणायची. पाव्हणे म्हणजे आमच्या नगरच्या संग्रहालयात तिकीट काढून येणारी माणसं. तुम्ही कधी आला असाल, तर तिनं तुम्हालाही आधी गाव विचारलं असेल, मग पाणी दिलं असेल.

मी तिकिटाच्या खिडकीवर, ती साफसफाईला. नेवाशाचं कुणी आलं की त्याला ती थेट तांब्याच्या हंड्यापाशी न्यायची. "ह्यो तुमच्याकडचा. बघा, बरा हाय ना?" लेक सासरी नीट नांदतेय, हे माहेरच्यांना दाखवावं तसं.

एकदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं घोळ घातला. ईद असो की दसरा, सणाला भांडी घासायचीच, हा तिचा नेम. चिंच-मीठ लावून तिनं तो काळपट हंडा लख्ख केला. संग्रहालयाच्या साहेबांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो खाला, पिढ्यान्‌पिढ्यांचा रंग घालवलात!"

"रंग कुठला साहेब? मळ हुता की!"

झालं! साहेब तिला कामावरूनच काढायला निघाले. हंडा देणाऱ्या आजींची माफी मागायला त्यांनी आजींना नेवाशाहून बोलावलं. आजी हंड्यावरून हात फिरवत रडायलाच लागल्या. "माझी आई असाच ठेवायची. हिला काढू नका, साहेब."

नोकरी वाचली. पण हुकूम झाला, फक्त फरशी पुसायची, वस्तूंना हात लावायचा नाही. साहेबांचंही चुकलं नव्हतं हो. पण खाला एवढीशी झाली. हंड्याजवळ झाडताना रिकामा हात पाठीमागे धरायची. "सवयीनं जातो मेला," म्हणायची. मला बघवायचं नाही.

पुढं तिचे गुडघे गेले. श्रीरामपूरला लेकीकडं कायमचं जायचं ठरलं, तेव्हा तिनं साहेबांना विचारलं, "एकडाव पुसू का? चिंच न्हाई, कोरड्या फडक्यानं."

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुसा." ती बराच वेळ पुसत बसली होती.

खाला गेल्याचा लेकीचा फोन आला, तेव्हा मी तिकिटं फाडत होतो. हंडा आता हळूहळू काळवंडतोय. साहेब मला मुद्दाम बोलावून दाखवतात, "बघा, रंग परत येतोय!"

मी "हो साहेब" म्हणतो. पण खालाचा हात त्या हंड्यावरून दिवसेंदिवस पुसला जातोय.