शोभनाताईंनी दिलेले सत्तर

आधीच सांगते, मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. चार वर्षं न्यू जर्सीतल्या शाळांच्या मैदानांवर गार पत्र्याच्या बाकांवर बसून माझी कंबर धरली, पण कोण कधी आउट झाला हे मला अजून शेजारच्याला विचारावं लागतं. मग मी जाते कशाला? कारण शोभनाताई गजभिये हायवेवर गाडी चालवत नाहीत. लायसन्स आहे, गाडी आहे, पण हायवे म्हटला की त्यांचे हात स्टिअरिंगवर गोठतात. आणि मी त्यांच्या समोरच्याच टाउनहाउसमध्ये राहते, शुक्रवारी घरून काम करते, आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना रोग आहे.

ताई छप्पन्न वर्षांच्या. मूळच्या नागपूरच्या, तिथे शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. त्याच्या आधी खो-खो खेळायच्या, आणि चांगल्या खेळायच्या. दादाराव, म्हणजे त्यांचे यजमान, औषधाच्या कंपनीत केमिस्ट. त्यांच्या नोकरीपायी दोघं वेस्ट विंडसरला आले. मुलगा आयुष इथल्या पोरांबरोबर बेसबॉल खेळायला लागला, तेव्हा ताई दर मॅचला फोल्डिंगची खुर्ची आणि दोनशे पानी वही घेऊन हजर. चौदाव्या वर्षी आयुषने बेसबॉल सोडला. ताईंनी नाही सोडला. "मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग," म्हणून पोरगं कपाळावर हात मारत राहिलं आणि ह्या आपल्या दुसऱ्यांच्या पोरांच्या मॅच बघायला जात राहिल्या.

अशाच एका मॅचला मार्टी नावाचा गृहस्थ त्यांच्या शेजारी येऊन बसला. मार्टी स्काउट आहे, म्हणजे एका मोठ्या व्यावसायिक संघासाठी शाळा-कॉलेजांतली होतकरू पोरं हेरणारा माणूस. संघाचं नाव सांगायचं नाही असं ताईंनी मला बजावलंय. त्याने सहज वहीत डोकावून पाहिलं. सगळं जग बॅट आणि बॉल बघतं, आणि ह्या बाईंच्या वहीत पानंच्या पानं टाचा! कुठल्या पोराची टाच कधी उचलली, कुठल्या बाजूला वळली, बॉल मारण्याआधी की नंतर.

"खो-खोत पळणाऱ्याने कशाकडे बघायचं?" ताईंनी एकदा मला गाडीत विचारलं होतं. मी म्हटलं, पाठलाग करणाऱ्याकडे. "चूक! पाटीत बसलेत ना, त्यांच्या टाचांकडे. ज्याला खो मिळणार त्याची टाच आधी उचलते. तोंड खोटं बोलतं, हात खोटे बोलतात. टाचेला नाही जमत."

मार्टीने त्यांना आपली असोसिएट, म्हणजे मदतनीस स्काउट, करून घेतलं. पगार शून्य. संघाची टोपी मिळते. दादाराव म्हणाले, "पंचवीस वर्षं मी संसार केला, मला तर टोपीपण नाही मिळाली." ताईंनी ती टोपी हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर ठेवली, आणि पहिल्याच वर्षी असा काही घोळ घातला की विचारू नका.

झालं असं. स्काउट पोरांना मार्क देतात. धावण्याला, फेकीला, फटक्याला, फील्डिंगला, सगळ्याला वेगवेगळे. वीस ते ऐंशी. आता महाराष्ट्र बोर्डाच्या शाळेत बावीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईच्या हाती हे मार्क दिले तर ती काय करणार? पस्तीस म्हणजे पास, साठ म्हणजे फर्स्ट क्लास! ताईंनी एका सीझनमध्ये नऊ पोरांना फर्स्ट क्लास देऊन टाकला. बरं खेळतंय बिचारं, मेहनत करतंय, दे साठ. आणि तिकडे पन्नास म्हणजे काय, तर जगातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये जे खेळतात त्यांच्यातला मधला माणूस. साठ म्हणजे त्याच्याही डोक्यावरचा. संघाचा स्काउटिंग डायरेक्टर, ग्रँट, नऊ-नऊ रत्नं एका जिल्ह्यात सापडली म्हणून तीन तास गाडी हाणत आला. पहिल्या रत्नाने त्याच्यासमोर तीनदा नुसती हवेत बॅट फिरवली. दुसरं रत्न त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेलं होतं.

त्या दिवसापासून ऑफिसात ताईंचं नाव पडलं मिसेस सिक्स्टी. मार्टीने समजावून सांगितल्यावर ताईंना इतकी लाज वाटली की आठवडाभर त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. मग पुन्हा बसल्या मैदानावर. मोठ्या लीगच्या मॅच टीव्हीवर लावून पन्नास म्हणजे काय ते वहीत लिहून काढलं. पुढची दोन वर्षं त्यांच्या हातून चाळीसच्या वर एक मार्क सुटला नाही. पण आता वाचतंय कोण? मिसेस सिक्स्टींचा रिपोर्ट ऑफिसात कुणी उघडतही नव्हतं.

आणि अशात गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांना एल्मर दिसला.

ट्रेंटनचं पोरगं. आईवडील ग्वाटेमालाचे. शाळेचं शेवटचं वर्ष, उंची पाच फूट सात, अंगात मांस नाही. शॉर्टस्टॉपला उभा राहायचा, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिथे सगळ्यात जास्त बॉल येतात. त्याला बघायला एकही स्काउट येत नव्हता. जून संपला की मामाबरोबर छपरं बसवायच्या कामाला जायचं, हे ठरलेलं होतं.

पहिल्या इनिंगमध्ये ताईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. "उत्तरा, त्या बारक्याच्या टाचा बघ."

"ताई, मला बॉल दिसत नाही, टाचा कुठून दिसणार?"

"अगं, बॅटला बॉल लागायच्या आधी निघतोय तो! बॅटवाल्याचा खांदा वाचतोय. हे शिकवून येत नाही गं. बावीस वर्षं मी पोरी शिकवल्या, एकीला आलं नाही."

त्या रात्री रिपोर्ट गेला. फटका पस्तीस, ताकद तीस, धाव पन्नास. फील्डिंग सत्तर.

दुसऱ्या दिवशी मार्टीचा फोन. ताई आमच्या किचनमध्ये होत्या, फोन स्पीकरवर होता. मार्टी बिचारा भला माणूस. तो म्हणाला, शोभना, सत्तर बघून ग्रँट हसेल आणि रिपोर्ट बंद करेल. तू पंचावन्न लिही. पंचावन्न म्हटलं तर तो निदान येऊन बघेल. मलाही ते पटलं. मी खुणेने म्हटलंसुद्धा, लिहा ना पंचावन्न, काय बिघडतंय?

ताईंनी गॅस बंद केला. "मार्टी, पेपरात सत्तर आहेत. मी पंचावन्न देणार नाही."

"मग तो येणार नाही."

"तू त्याला आण. ते तुझं काम आहे. मार्क माझं काम आहे."

फोन ठेवल्यावर मी चिडलेच. म्हटलं, "डोक्यावर पडलात का हो? पोराचं भलं व्हायचं सोडून आकड्याचा हट्ट?"

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. सोळा वर्षांच्या होत्या, राज्याच्या खो-खो संघाची निवड चालली होती. त्या दिवशी त्यांच्याइतकं कुणी पळालं नव्हतं. निवड करणाऱ्यांनी आडनाव विचारलं, वस्ती विचारली, आणि लिहायला लागले. कागद नंतर बाहेर लागला. बारा जणी घेतल्या, ताई तेराव्या. "उत्तरा, न घेतल्याचं दुःख मी कधीच विसरले. पण माझ्या नावापुढे जे मार्क होते ना, ते मी पळालेले नव्हते. ते त्यांना परवडणारे मार्क होते. मी शिक्षिका झाले तेव्हा ठरवलं, माझ्या हातून कुणाचे मार्क कापले जाणार नाहीत. जास्त दिले गेले असतील, ती माझी अक्कल. कापणार नाही."

मी गॅस पुन्हा लावला. पोहे परतत बसले.

मग ताईंनी काय करावं? मेच्या शेवटापर्यंत एल्मरची एकही मॅच सोडली नाही. फोन उभा धरायचा आणि फक्त त्याच्या पायांचा व्हिडिओ घ्यायचा. चेहरा नाही, बॉल नाही. त्याच्या बाजूला बॉल आला की एक व्हिडिओ. ट्रेंटनला, हॅमिल्टनला, एकदा तर पार समुद्राकडे, आणि ड्रायव्हर कोण? मीच! माझ्या मॅनेजरला वाटत होतं मला काहीतरी दुखणं जडलंय.

मार्टीने ग्रँटला आणलं ते सीझनच्या शेवटच्या मॅचला. तो उंच माणूस, हातात कॉफी, चेहऱ्यावर उपकार. ताईंना बघून म्हणाला, "आह, मिसेस सिक्स्टी." मला वाटलं ती कॉफी त्याच्याच टोपीत ओतावी.

आणि नशीब बघा! बारीक पाऊस, मैदान ओलं, आणि सहा इनिंग एल्मरकडे एक बॉल येईल तर शपथ. सगळे दुसरीकडेच मारतायत. माझा जीव टांगणीला. सातवी इनिंग, शाळेच्या मॅचमधली शेवटची. आला एकदाचा! सणसणीत फटका, लांब डावीकडे. एल्मर कधी निघाला ते मलासुद्धा दिसलं, म्हणजे बघा. गुडघ्यावर घसरत बॉल उचलला, बसल्या बसल्या फेकला, आउट! मी किंचाळले. शेजारी बघते तर ग्रँट मान खाली घालून फोनवर मेसेज टाइप करतोय.

"अरे, वर बघ की रे मेल्या!" मी भर बाकावरून मराठीत ओरडले. मार्टीने डोळे मिटून घेतले.

ताई शांतपणे उठल्या. ग्रँटसमोर उभ्या राहिल्या आणि आपला फोन पुढे केला. "माझ्याकडे त्र्याऐंशी आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येकी चार सेकंद."

तो नाइलाजाने बघायला लागला. मी वर छत्री धरून. एक झाला, दोन झाले, पाच झाले. आठव्या व्हिडिओला त्याने कॉफी बाकावर ठेवली. विसाव्याला मार्टीला जवळ बोलावलं. नुसते पाय, चिखलातले, धुळीतले, आणि दर वेळी बॅटचा आवाज यायच्या आधी टाच उचललेली. मग त्याने मान वर केली. म्हणाला, "चांगले चांगले निवडून दाखवणं सोपं असतं. किती वेळा चुकीच्या बाजूला निघाला?"

"चार वेळा," ताई म्हणाल्या. "एकोणीस, चाळीस, एकेचाळीस आणि सत्तर नंबरला बघा. त्यातल्या दोन वेळा सूर्य डोळ्यांवर होता. दोन वेळा त्याची चूक होती. लिहिलंय वहीत."

ग्रँटने ते चारही लावून बघितले. मग पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, आणि ह्या वेळी त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी. मैदान रिकामं झालं, माझा हात छत्री धरून अवघडला. शेवटी त्याने फोन परत दिला, वही मागितली, अर्धा तास पानं उलटली. "थँक यू, मिसेस गजभिये," एवढंच म्हणाला आणि गेला. पण आडनाव बरोबर म्हणाला. गाडीत मी विचारलं, काय होणार हो? ताई म्हणाल्या, "काय माहीत. बघितलं त्याने. आमच्या वेळी बघितलंच नव्हतं."

जुलैमध्ये ड्राफ्ट असतो. सगळे संघ आळीपाळीने एकेक पोराचं नाव पुकारतात. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंच्या हॉलमध्ये आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. दादारावांनी सुट्टी घेतली होती. आयुष शिकागोहून फोनवर. चौथी फेरी गेली. पाचवी गेली. ताई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावायला लागल्या. सहाव्या फेरीत आपल्या संघाची पाळी आली आणि तो निवेदक सपाट आवाजात म्हणाला, शॉर्टस्टॉप, ट्रेंटन, न्यू जर्सी, आणि एल्मरचं पूर्ण नाव.

"घेतला! शोभना, घेतला!" दादाराव सोफ्यावर उभे राहिले. साठीचा माणूस! फोनमधून आयुष "नो वे! नो वे, मॉम!" करत बोंबलतोय. मी रडतेय, हसतेय, काय करतेय मलाच कळेना. पाच मिनिटांत एल्मरच्या आईचा फोन आला. ती स्पॅनिशमध्ये रडत होती आणि ताई मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं.

ताई हसत होत्या, सगळ्यांना बर्फी देत होत्या, पण पूर्ण खूश नव्हत्या. मला कळतं ना. काहीतरी अडकलेलं होतं.

चारला मार्टी आला. दारातच दादाराव म्हणाले, "जय भीम, मार्टी!" आणि मार्टी, तीन वर्षांत तयार झालेला, म्हणाला, "जय भीम." त्याने लॅपटॉप उघडून टेबलावर, टोपीशेजारी ठेवला. संघाचा शेवटचा रिपोर्ट होता, ज्यावरून निवड झाली तो. खाली ग्रँटची सही.

ताईंनी चष्मा लावला. बोट स्क्रीनवर टेकवून एकेक ओळ वाचली. फटका, ग्रँटने चाळीस केला होता. ताकद तीस. धाव पन्नास. मग बोट खाली सरकलं आणि थांबलं.

फील्डिंग सत्तर. समोर लिहिलं होतं, मूळ मूल्यांकन शोभना गजभिये, बदल नाही.

ताईंनी पदराने डोळे पुसले, पुन्हा आकड्यावर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उत्तरा, कापले नाहीत गं."