मुलीच्या हातचं

"थंडीसाठी हवी, की दाखवण्यासाठी?" जळगावच्या नव्या पेठेतल्या आपल्या दुकानात कमलअक्का गिऱ्हाइकाला हळूच विचारत.

दुकान एवढंसं. मण्यांची तोरणं, भरतकामाचे अभ्रे, लोकरीच्या टोप्या, मफलर. सगळं हातचं. थंडीसाठीची टोपी कुणीही उघड न्यावी. दाखवण्यासाठीची उपवर मुलीची आई पदराआड न्यायची. पाहुणे मुलगी बघायला आले की ती ताटात मांडायची आणि म्हणायचं, मुलीच्या हातचं आहे. सोबत सुयांवर चढवलेला अर्धा मफलरही अक्का देत. पाहुण्यांना वाटावं, पोरगी विणता विणताच उठून आली.

या साऱ्या टोप्या मेहरूणची शेवंता विणायची.

फाळणीनंतर जळगावात येऊन राहिलेल्या एका सिंधी बाईनं तिला ही वीण शिकवली. छत्रीच्या काड्या दगडावर घासून शेवंतानं सुया केल्या. चार टाके केसांच्या आकड्यावर बाजूला काढायचे, पुढचे चार विणायचे, मग आकड्यावरचे घ्यायचे. तेवढ्यानं लोकरीला वेणीसारखा पीळ पडे. सैल पडला तर टोपी ढिली, ओढला तर कपाळ काचतं. शेवंताचा पीळ कधी चुकला नाही.

तिच्या टोप्यांवर जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी पोरी उजवल्या गेल्या. तिचं मात्र जमेना. रंग सावळा, वय उलटत चाललेलं, घरात आई नाही. वडील गिरधरआबा कापसाच्या जिनात कामाला. रुईच्या धुळीनं त्यांची छाती धरलेली. महिन्यातले निम्मे दिवस अंथरुणात. घर पोरीच्या विणकामावर चाले. पण तो पोरीचं खातो, असं कुणी म्हटलं असतं तर आबा जागीच मेले असते.

छप्पन साली, मार्गशीर्षात, धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा पंडित, कचेरीत कारकून.

"दुकानाचं नाव काढू नको बरं, माय," आबांनी बजावलं. "मले खाली पाहायला लावू नको."

"नाही काढत, आबा."

पाहुणे आले. पंडित, त्याची आई ताईबाई, आणि थोरली सून प्रमिला. प्रमिलाच्या कडेवर मूल होतं. मुलाच्या डोक्यावर निळी टोपी. चहा ठेवताना शेवंतानं ती पाहिली आणि ओळखली. आपलीच. तिला बरं वाटलं. शकुन वाटला.

आबांनी ताट पुढे केलं. "पोरीच्या हातचं आहे."

पंडितनं ताटातली टोपी उचलून डोक्यावर घातली. नेमकी बसली. तो शेवंताकडे बघून हसला. इतक्या वर्षांत तिच्याकडे बघून असं कुणी हसलं नव्हतं.

ताईबाईंनी ती टोपी त्याच्या डोक्यावरून काढून घेतली. आतून बघितली. नातवाची टोपी तिच्याशेजारी धरली.

"हाई ते मन्ही वहूना हातनी वीण शे! प्रमिला बी आसंच इनस. माहेर जास तवय इनी लयस. तुले कोनी शिकाडं वं पोरी?"

थोरली सून माहेरून विणून आणते, असं त्या सांगत होत्या. शेवंतानं निळ्या टोपीकडे पाहिलं.

"मांगला साल पारोयाले पोर देखी, तठे बी हाईच टोपी." पारोळ्याच्या मुलीचं ताट ताईबाई विसरल्या नव्हत्या. "दुकानमाईन आनी का?"

"नाही हो ताईबाई!" आबा म्हणाले. "तिच्या मेलेल्या आईची शप्पथ."

"मंग सुया आना. दोन्ही पोरी, हाई नि प्रमिला, आठेच इनतीन. बठ्ठा खरंखोटं कयी जाई."

शेवंता आनंदानं उठली. केसांतला आकडा तिनं काढलासुद्धा. तेवढ्यात तिची नजर प्रमिलाकडे गेली.

प्रमिलानं मुलाला छातीशी आवळलं होतं. ती शेवंताकडेच बघत होती. मान जराशी हलली. नको.

शेवंताला सगळं कळलं. हिच्याही टोप्या अक्कांच्याच दुकानातल्या; हिला विणता येत नव्हतं. चार ओळी विणल्या की स्थळ पक्कं. आणि ही बाई? मूल ठेवून घेऊन ताईबाईंनी तिला माहेरी धाडलं असतं. एकीला बाहेर काढून त्याच घरात माप ओलांडायचं.

"मला येत नाही," शेवंता म्हणाली. "दुकानातूनच आणली."

आबा खाली बघत राहिले. पंडितनं तोंड फिरवलं.

"टोपी खोटी, मंग पोर कशी खरी?" ताईबाई म्हणाल्या आणि उठल्या. कपातला चहा तसाच राहिला.

उंबऱ्यात प्रमिला थांबली. शेवंताला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती बोललीच. सासूशी, मोठ्यानं.

"मला तेव्हाच वाटलं होतं, आत्याबाई. घरी विणलेल्याला असा पीळ येतच नाही."

पुढे एकदा भाकरी खाता खाता आबा म्हणाले, "का वं? का असं केलं?" तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तशा छातीनं ते धुळ्याला चालत गेले असते.

माघात कमलअक्का स्वतः घरी आल्या. गिऱ्हाइकाचं नाव त्या कधी सांगत नसत. त्या दिवशी सांगितलं.

"धुळ्याची प्रमिला म्हणून आहे. तिच्या दिराचं लग्न ठरलंय. नवरदेवाला वहिनीच्या हातची टोपी द्यायची म्हणे. सासूला भारी कौतुक हिच्या विणकामाचं." अक्का हसल्या. "तुझ्या हाताला यश आहे, पोरी."

शेवंता हसली नाही.

"माप द्यायला तेवढं विसरली बघ. पत्र टाकून मागवते."

"नका टाकू, अक्का," शेवंता म्हणाली. "ते डोकं माझ्या पाहण्यातलं आहे."

मग तिनं सुया जवळ ओढल्या आणि रंग कोणता ते विचारलं.