उधव्याहून कासा, तलासरीमार्गे

उधवा ते कासा जीप चालवणारा तो गृहस्थ इंजिन बंद केल्याशिवाय बोलत नाही. त्यामुळे रोजच्या प्रवासातही आमचे संभाषण फारसे वाढलेले नाही. अतिवृष्टीच्या त्या सकाळी मात्र बुडालेल्या पुलापाशी त्याने इंजिन बंद केले आणि पाण्याच्या कडेला चिखलात काठी रोवली. पाणी काठीवर चढत होते. मागे एक बाई तापाने फणफणलेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला कासा रुग्णालय गाठायचे होते. सगळे माझ्याकडे, म्हणजे शिक्षकाकडे, पाहू लागले. भीड मोडून मी म्हणालो, "फार खोल वाटत नाही. मोबाईलही पाऊस ओसरेल म्हणतो."

त्याने काठी उपटून माझ्या हाती दिली. "मग तुम्ही पुढं चाला, सर. बुडालात की गाडी वळवतो."

मी अत्यंत नम्रपणे जीपमध्ये जाऊन बसलो. त्याने तलासरीचा लांबचा रस्ता धरला आणि दुपारच्या आत आम्हाला रुग्णालयाच्या दारात उतरवले.

"सर संगती होते म्हणून पोचलो," ती बाई हात जोडून म्हणाली.

तो काच पुसत राहिला. मीही तिची चूक दुरुस्त केली नाही. एरवी तोच माझा व्यवसाय आहे.