वेणीतली मुळी

आपल्या माणसाला बाळंतपणाला नेताना पाहिलं की ती दुपार माझ्या अंगावर येते. मी होमगार्ड होते. शाळा चौथीपर्यंतच. पण बाईला चौकशीला बसवलं की जवळ बाईमाणूस लागतं, म्हणून सेनगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात मला वरचेवर बोलावत. गप्प बसायचं, एवढंच काम. ते मला जमायचं.

सरकारी दवाखान्यातून ठाण्याला खबर आली. एका बाईला घरी काहीतरी पाजलं होतं. ऑपरेशन करून बाळ काढलं, पण आईच्या उलट्या थांबेनात. फौजदार साहेब दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "गर्भाची पिशवी कळ आली की आवळते, मग सैल पडते. सैल पडली की बाळाला रक्त मिळतं. हिची आवळली ती सैलच पडेना, फाटायची वेळ आली होती. काय पाजलं ते काढा. नाहीतर आई हातची जाईल."

सासूला ठाण्यात आणलं. मेंढरं राखणारं घर. म्हातारी भिंतीला टेकून बसली, मी शेजारी.

"काय पाजलं?" साहेबांनी विचारलं.

"मला दवाखान्यात जाऊ द्या, साहेब. येकडाव तिच्या येणीला हात लावू द्या."

"कशाला?"

म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अजून बिब्बा घालायचा राहिलाय वाटतं," हवालदार म्हणाले.

साहेबांनी दरडावलं, समजावलं, पुन्हा दरडावलं. ती तेवढंच म्हणायची. सगळ्यांना वाटलं, हिनं जाणूनबुजून केलंय. फोन वाजला की तिचे ओठ पांढरे पडत. आता सून गेल्याचीच खबर, असं मलाही वाटे.

साहेब बाहेर गेले तसं मी हळूच विचारलं, "आत्या, काहून बोलून न्हाई राहिल्या?"

"नाव घेतलं की गुण उलटतो, बाई. खणून आणताना बी बोलत न्हाईत. अन् येळेवर सोडली न्हाई, तर..." तिनं तोंडावर पदर दाबला.

'सोडली' म्हणाली आणि मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं. माझ्या सासूनं अंबाड्यात काहीतरी खोचलं होतं. पोरगं बाहेर आलं, तसं नाळ कापायच्याही आधी ते उपटून फेकलं होतं. ते काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. आता 'खणून' म्हणाली, म्हणजे मुळीच.

मी साहेबांपुढे उभी राहिले. तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

"बोला बाई, मोठ्यानं."

"साहेब, तिच्या वेणीत मुळी असंल. पाजलंय बी तेच असंल."

त्यांनी तिथूनच फोन लावला. नर्सनं वेणी सोडली. आत दोऱ्यानं बांधलेली मुळी निघाली. तिथल्या एका जाणत्यानं ती ओळखली. कळलावी. श्रावणात बांधाला लाल-पिवळी फुलं येतात, ती. तिची मुळी विषारी. इलाज बदलला आणि बाईला गाडीत घालून नांदेडला हलवलं.

"सुटली मुळी," साहेब म्हणाले, तशी म्हातारी हमसून रडली. मग सगळं बोलली. पहिलं नातवंड दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये गेलं होतं. या वेळी वाटेला लागायच्या आधीच सून मोकळी व्हावी, म्हणून मुळी बांधली. कळा जोर धरीनात. "बांधून येवढा गुण येतो, तर पोटात गेल्यावर किती येईल, म्हणून उगाळून पाजली. आता सोडली न्हवं? मंग वाचंल न ती?"

पाजलेल्याची तिला भीतीच नव्हती. तिची सगळी भीती त्या गाठीत होती: बाळ झाल्यावरही मुळी बांधलेली राहिली, तर ती आईचा जीव ओढते.

सून वाचली, बाळही वाचलं. गुन्हा मात्र दाखल झाला. तेव्हापासून कुणी गप्प बसलं की ते चोरून ठेवतंय, असं मी लगेच धरत नाही. त्याला कशाची भीती आहे, ते आधी बघते.

मागच्या साली माझ्या सुनेला कळा लागल्या. गाडीत बसवताना मी तिची वेणी चाचपली. काही नव्हतं.

"काय पाहून राहिल्या?" विहीणबाईंनी विचारलं.

मला लाज वाटली. पण सांगितलं, सगळं. गाडी सुरू झाली, तेव्हा विहीणबाईंनी पदराची गाठ सोडली आणि मूठ माझ्या हातात रिकामी केली. दोरा गुंडाळलेली मुळी होती.